गावची गुरं रानात का जातात?

सकाळी गावाबाहेरच्या आखरावर गुरं जमतात. गायकी त्यांना हाकत रानात नेतो आणि दिवस कलला की परत आणतो. गोंदिया जिल्ह्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना हे दृश्य नवं नाही. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः गोवारी समाजानं केलं. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गायीइतकाच गायक्याचाही मान असतो. पण मुळात गुरं रानात न्यायचीच कशाला?

हिमालयात याचं उत्तर सरळ आहे. उन्हाळ्यात बर्फ खालून वर वितळत जातं आणि त्यामागोमाग कोवळं गवत उगवत जातं. गद्दी मेंढपाळ आणि गुज्जर म्हशीवाले त्याच्या मागे डोंगर चढतात. गोंदियात असे उंच डोंगर नाहीत. इथं कोवळं गवत येतं ते पावसाबरोबर. नेमक्या त्याच वेळी बांध्यांमध्ये धानाची रोवणी होते. गुरं शेतात शिरली तर पीक गेलंच! म्हणून कापणी होईपर्यंत त्यांना रानाचाच आधार. कापणीनंतर धसकटांवर चरता येतं, पण जिथं लाखोळी किंवा उन्हाळी धान असेल तिथं तेही नाही.

आता गायीच्या पोटात डोकावू. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गवतातला सेल्युलोज पचवण्याचं काम तेच करतात. त्यांना वाढायला नत्र लागतं, आणि ते मिळतं चाऱ्यातल्या प्रथिनांतून. चाऱ्यात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांहून कमी झाली, की सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं. कोवळ्या गवतात ती याहून बरीच जास्त असतात, पण वाळलेल्या कुसळीत फार कमी. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यात पोट भरलेलं असूनही जनावर खंगतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गुरं हिरव्या कोंबांवर तुटून पडतात ती यामुळेच. गवत मात्र त्या वेळी सर्वांत दुबळं असतं. एरवी चरणं गवताला सोसतं. त्याचा वाढीचा भाग जमिनीलगत असतो, शेंडा खाल्ला तरी पान खालून वाढतं. पण पहिले कोंब मुळांतल्या साठ्यावर फुटतात. पानं पुरेशी वाढून तो साठा भरून निघायच्या आत पुन्हापुन्हा खुडली गेली, तर मुळं आखडतात. मग त्या जागी गुरं तोंड न लावणारा तरोटा आणि रानतुळस माजते. तरोट्याचं रान दिसलं, की जमिनीवर चराईचा ताण आहे अशी शंका घ्यावी.

मग चराई बंदच करावी का? प्रश्न इतका सोपा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलात गुरं चारण्यावर बंधनं घातली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं चराईचा सामूहिक हक्क मान्य केला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलं गावकरी चराईसाठी वापरत आले आहेत. ती वनजमीनच असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी दिला. वाघाला निवांत जंगल हवं, हे खरं. पण एक रान बंद झालं म्हणून गुरांची भूक कमी होत नाही. तीच गुरं उरलेल्या तुकड्यावर येतात आणि तिथला ताण वाढतो. म्हणून कुठल्या रानात, किती गुरं आणि कधी, हे गावानं आणि वनखात्यानं मिळून ठरवणं महत्त्वाचं. सुरुवातीचे काही आठवडे एखादा भाग राखला आणि पुढच्या वर्षी दुसरा, तर गवताला सावरायला वेळ मिळतो.

हे मुलांना स्वतः पाहता येईल. गावाची परवानगी घेऊन चराईच्या जागेवर मे महिन्यात एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा आणि काट्यांचं कुंपण करा. शेजारी तेवढाच चौकोन उघडा ठेवा. ऑगस्टपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन्हींतल्या गवताची उंची मोजा, किती प्रकारची रोपं आहेत ती नोंदवा. रोपांची नावं अडली तर गायक्यालाच वर्गात बोलवा. कोणतं गवत गुरं आधी खातात हे त्याच्याइतकं क्वचितच कोणाला माहीत असेल.