उष्णतेची वाट
जुन्या कार्यालयात सर्व्हरसाठी बहुधा कागदपत्रांची बंद खोली वाट्याला येते, आणि ती थंड कशी राहील याचा विचार यंत्रे बसवून झाल्यावर सुरू होतो. वास्तविक हिशेब आधी व्हायला हवा, कारण ही यंत्रे जेवढी वीज घेतात तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. एका रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवण्याच्या लोखंडी सांगाड्यात, ६ किलोवॉट वीज खर्च होत असेल, तर खोलीत तेवढ्याच शक्तीचा हीटर अहोरात्र पेटलेला असतो. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे तिथे साठ माणसे कोंडल्यासारखे होते.

एसीची क्षमता ‘टन’ या एककात सांगतात. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग म्हणजे एक टन, आजच्या मापात साधारण ३.५ किलोवॉट. त्यामुळे दोन टनांचा एसी कागदावर पुरतो. परंतु ही क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरून ठरवलेली असते आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती घटते. मुंबईच्या पावसाळ्यात अडचण निराळी: दाराखालच्या फटीतून किंवा केबलसाठी पाडलेल्या भोकातून दमट हवा शिरत राहिली, तर तिच्यातील बाष्पाचे पाणी करण्यातच क्षमतेचा काही वाटा खर्ची पडतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हवेच्या वाटेकडे. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. तापमानात १० अंशांची वाढ गृहीत धरली, तर ६ किलोवॉट उष्णता वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा लागते. रॅकचे रिकामे खण झाकले नाहीत, तर मागची तापलेली हवा त्यांतूनच पुढे वळते, आणि एसीच्या पडद्यावर २० अंश दिसत असताना वरच्या सर्व्हरला बरीच अधिक गरम हवा मिळत असते. म्हणून तापमान मोजायचे ते भिंतीपाशी नव्हे, सर्व्हरच्या तोंडाशी, वर आणि खालीही. तिथे १८ ते २७ अंश असावेत अशी शिफारस आहे.

वीज गेल्यावर यूपीएसच्या बळावर सर्व्हर चालू राहतात, एसी मात्र बहुधा बंद पडतो. चार मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच खोलीतील हवा जेमतेम ४३ किलो भरते; भिंती आणि लोखंड यांनी काहीच उष्णता शोषली नाही, तर ती सव्वा मिनिटाच्या आत १० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे थोडी अधिक उसंत मिळते. जनरेटर सुरू झाल्यावर एसी आपोआप चालू होतो की कोणी येऊन रिमोट दाबेपर्यंत थांबून राहतो, हे सुट्टीच्या दिवशी मुख्य स्विच मुद्दाम पाडून, घड्याळ आणि तापमापक हाताशी ठेवूनच पाहावे लागते.