शिक्षणाचा लाभ कोणाला?

शिक्षणाने उत्पन्न वाढते, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. ते खोटे नाही. परंतु शिक्षणाचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोण घेतो, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. सारा शेतकऱ्याच्या घामातून गोळा होतो आणि उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून त्यांनी किमान वयाच्या १२ वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते १९१७ साली सुरू केले. ६ ते १४ वयाच्या मुलांना हा हक्क देणारा देशाचा कायदा मात्र २०१० साली अमलात आला.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. मुकादम उचल देतो, हिशेबही तोच लिहितो. वाचता न येणाऱ्याची उचल फिटली की नाही, हे मुकादमाची वही ठरवते. घरातली एक मुलगी हिशेब वाचू लागली, की त्या वहीला प्रथमच साक्षीदार मिळतो. इथे आर्थिक लाभ आणि सामाजिक लाभ वेगळे काढता येत नाहीत. पण हंगाम लागला की तीच मुलगी आईबापांबरोबर फडावर जाते आणि पटावर फक्त नाव उरते.

शिक्षणाचा लाभ मोजणाऱ्यांनी आधी फडावरची मुले मोजावीत.