टिकमार्कांचा घोळ



गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमचे चिरंजीव तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या सरकारी शाळेत दुसरीत होते. संध्याकाळी दप्तर उघडून म्हणाले, "बाबा, बघा, आठपैकी सहा बरोबर!" गणिताच्या कागदावर लाल टिकच टिक. सौ. खूश. माझ्या मात्र पोटात गोळा आला. जपानमध्ये बरोबर उत्तराला लाल गोल काढतात, टिक म्हणजे चूक! ऑफिसात नवा असताना टेस्ट रिपोर्टमध्ये मीही हाच घोळ घातला होता, पण पोराला सांगायचं राहून गेलं.

गणित असं होतं: ताटल्या ३, प्रत्येकीत सफरचंदं ५, एकूण किती? यानं लिहिलं ३ × ५ = १५. उत्तर बरोबर, पण इथे दुसरीत आधी 'एका ताटलीत किती' आणि मग 'ताटल्या किती' असं मांडायला शिकवतात, म्हणजे ५ × ३. या क्रमावरून जपानी पालकांतही वर्षानुवर्षं वाद चालू आहेत, तो विषय वेगळा.

कागद तपासला होता छात्रशिक्षिकेनं. आपल्याकडे बी.एड.वाले सराव पाठ घ्यायला यायचे, आठवतं ना? आपण शहाण्यासारखे बसायचो, कारण मागच्या बाकावर निरीक्षक असायचे. इथेही तसंच. प्राथमिकसाठी साधारण चार आठवडे शाळेत काढायचे, ४५ मिनिटांच्या तासाचं पाठ टाचण लिहायचं. त्यात एक रकानाच असतो, 'मुलं काय उत्तर देतील याचा अंदाज'.

मी रेनराकुचोमध्ये, म्हणजे घर-शाळा निरोपांच्या वहीत, मोडक्या जपानीत टिकची गंमत लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, प्रत्येक कांजीवर बारीक अक्षरात उच्चार लिहून. आधी माफी आणि मग प्रश्न: "ओतोसान, त्याला गुणाकार येत नाही की माझा प्रश्न कळत नाही? मला ओळखता येत नाहीये."

हा प्रश्न आम्ही आईबापांनी कधी स्वतःला विचारला नव्हता. आजीनं स्काइपवर घोकून घेतलेले दहापर्यंतचे पाढे त्याला पाठ होते. अडत होतं एका शब्दाशी, 'झुत्सु'. 'प्रत्येकी' अशा अर्थाचा हा शब्द आकड्याच्या मागे चिकटतो. तो न कळल्यामुळे पोरगा आकडे दिसतील त्या क्रमानं लिहून मोकळा होत होता. मराठीत आपण सरळ आकडा दोनदा म्हणतो: पाच-पाच. एवढंच मी वहीत लिहून पाठवलं.

तिच्या वर्गात ३३ मुलं होती. आमचा एक, चीनहून सहा महिन्यांपूर्वी आलेली एक मुलगी, पाच मिनिटंही जागेवर न बसणारा एक जण आणि क्लास लावून नऊचा पाढा संपवलेले दोघे. पाठ टाचण मात्र एकच! आणि हा एकट्या आमच्या शाळेचा प्रश्न नाही. शिक्षण मंत्रालयाच्या २०२३ च्या पाहणीत जपानी भाषेसाठी वेगळी मदत लागणारी ६९,१२३ मुलं सरकारी शाळांत होती. अशा मुलांना शाळेच्या वेळातच वेगळे जपानीचे तास देण्याची सोय २०१४ पासून आहे, आमचाही आठवड्यातून दोनदा जातो. पण गणिताच्या तासाला तो वर्गातच असतो आणि तिथे 'झुत्सु' कोण समजावणार?

शेवटच्या आठवड्यात तिचा निरीक्षणाचा तास होता. मुख्याध्यापक आणि बाकी शिक्षक मागे वह्या घेऊन उभे. तिनं खऱ्या ताटल्या आणल्या आणि मुलांना पुढे बोलावून प्रत्येकीत पाच-पाच ठोकळे ठेवायला लावले. चिरंजीव ठोकळे ठेवताना मराठीत "पाच-पाच" म्हणाले, तर सगळा वर्ग तेच ओरडायला लागला. त्यात वेळ गेला आणि शेवटची दोन उदाहरणं राहिली. नंतरच्या बैठकीत वेळेवरून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. हे तिनंच निरोपाच्या दिवशी सौ.ला हसत सांगितलं, पण डोळे भरलेले होते.

पुढच्या कागदावर आठपैकी पाच गोल आले. उरलेल्या तीन टिकांबद्दल पोरानं स्वतःच सांगितलं, "बाबा, हे चुकलंय. प्रश्न कळला नाही."

इतके दिवस तो हे म्हणत नव्हता. ती शिक्षिका झाली की नाही ठाऊक नाही. व्हावी, असं मनापासून वाटतं.

तुमची मुलं परक्या भाषेत शिकत असतील, तर आज एक करा. मार्क बघू नका, 'प्रश्न कळला का?' एवढंच विचारा. आणि हो, तिथे टिकचा अर्थ काय तेही!