जीन पँटने पाय वाचतो का?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. पुरातत्त्वात रस असणाऱ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. घरांचे खांब जिथे रोवले होते ते खड्डे मिळाले, दगडाची बारीक धारदार पाती मिळाली, तांब्याच्या थोड्या वस्तू मिळाल्या. ते खांब कोणी कसे तोडले असतील, असा विचार करत आम्ही त्या परिसरातल्या एका शाळेत प्रयोग दाखवायला निघालो होतो. तेवढ्यात ओढ्याकडून कर्कश आवाज आला. दोन भाऊ बांधावरच्या वेड्या बाभळी कापत होते. हातात पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत. गावात तिला सगळे 'कटर' म्हणतात. पायात स्लीपर, खांद्यावर टॉवेल, कानात कापसाचा बोळा.

आम्ही थांबलो, बोलणे निघाले. धाकट्याने डाव्या मांडीवरची वीतभर लांब खूण दाखवली. "जाड जीन होती म्हणून वाचलो, सर. साधी पँट असती तर पायच गेला असता."

पाय वाचला हे खरे, पण तो जीनमुळे वाचला का? शाळेत पोचेपर्यंत आमच्या डोक्यात हाच प्रश्न होता. आमचे ठरलेले प्रयोग बाजूला ठेवून आम्ही त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांबरोबर यावरच बोललो.

आधी करवतीचा वेग काढू. इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला १०,००० फेरे घेते असे धरा, म्हणजे सेकंदाला साधारण १६७. साखळी ओढणाऱ्या दातेरी चक्राला ७ दाते असतात आणि दर दात्यामागे साखळी सुमारे १९ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे एका फेऱ्यात १३३ मिलिमीटर. गुणाकार केला की उत्तर येते सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. हायवेवरच्या एसटीच्या वेगाने धावणारे दात आपण दोन हातांत धरलेले असतात!

आता माणसाचा वेग. हा प्रयोग वर्गात जरूर करा. एका मुलाने फूटपट्टी वरच्या टोकाशी धरून उभी लटकवायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने ती पकडायची. बहुतेक मुलांच्या हातात पट्टी १५ ते २५ सेंटिमीटरच्या खुणेवर येते. मुक्तपणे पडणारी वस्तू २० सेंटिमीटर खाली यायला ०.२ सेकंद घेते, हे सूत्राने मुले स्वतः काढू शकतात. म्हणजे डोळ्यांनी पाहून हाताला हुकूम पोचेपर्यंत एक पंचमांश सेकंद जातो, आणि तोही डोळे पट्टीवर रोखून, तयारीत बसलेल्या मुलाचा.

या ०.२ सेकंदात साखळी किती धावते? सुमारे साडेचार मीटर. नेहमीच्या साखळीत कापणारे दात साधारण ३८ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे "अरे, लागले!" हे कळून खटका सोडेपर्यंत शंभराहून अधिक दात एकाच जागेवरून गेलेले असतात. कुऱ्हाडीचा घाव चुकला तर तो एकच घाव असतो. इथे चूक एक आणि घाव शंभर. तेव्हा 'मी जपून चालवतो' हे उत्तर अपुरे आहे. जपून चालवायलाच हवे, पण चूक झाल्यानंतरच्या त्या पंचमांश सेकंदात माणूस काहीच करू शकत नाही. त्या वेळात काम करायचे ते अंगावरच्या कपड्यांनी.

म्हणून असे कपडे भक्कम हवेत असे वाटते. मुलांनाही वाटले. एक म्हणाला, पत्र्याची पँट करावी! पत्रा पुरेसा जाड केला तर चालता येणार नाही, आणि धावती साखळी त्यावरून उसळून कुठे जाईल याचा नेम नाही. करवतीसाठीच्या संरक्षक पँटमागची कल्पना याच्या अगदी उलट आहे. तिला कापू द्यायचे. वरच्या कापडाच्या आत लांबच लांब, चिवट कृत्रिम तंतूंचे सैलसर थर एकावर एक ठेवलेले असतात. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा ॲरामिड. (केव्हलार हे ॲरामिडच. ते १९६५ साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधले.) दात वरचे कापड फाडून आत शिरतात आणि हे तंतू ओढून बाहेर काढतात. तंतू साखळीबरोबर धावत जाऊन झाकणाखालच्या दातेरी चक्राला गुंडाळले जातात. चक्र अडते, साखळी थांबते. फिरत्या पंख्यात ओढणी अडकावी तसेच हे, फक्त इथे मुद्दाम घडवून आणलेले.

आता जीनकडे येऊ. जीनचे कापड सुती. कापसाचा एक तंतू दोन-तीन सेंटिमीटरचा. पीळ देऊन त्याचे सूत होते आणि सूत घट्ट विणून कापड. दात लागला की सूत जागच्या जागी कापले जाते. ओढून निघाले तरी तुकडे इतके आखूड की चक्राला वेढा पडत नाही. कापड जाड असल्याने एखादा दात कमी लागत असेल, पण शंभर दातांच्या हिशेबात त्याला अर्थ नाही. त्या भावाचा पाय वाचला तो बहुधा इंजिन मंद असल्यामुळे किंवा साखळी नुसती चाटून गेल्यामुळे.

हा फरक वर्गात दाखवता येतो. सुती कापडाचा तुकडा लाकडी चौकटीवर ताणून बसवा आणि साध्या हातकरवतीने शिक्षकांनी स्वतः कापून दाखवा. मग त्याच चौकटीवर नायलॉनच्या लोकरीचे लांब धागे न ताणता, पुंजक्याने सैल बांधा आणि पुन्हा करवत चालवा. दोन-चार ओढींत दातांमध्ये धागे भरतात आणि करवत अडखळते.

अशा पँटवर साखळीच्या वेगानुसार वर्ग छापलेला असतो. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटरचा, दुसरा २४ आणि तिसरा २८ मीटरचा. मघाचे गणित आठवा. आपल्या करवतीचा वेग २२ निघाला होता. म्हणजे पहिल्या वर्गाची पँट घालूनही पूर्ण वेगातली साखळी थांबेलच अशी हमी नाही. विकत घेताना हा आकडा पाहायचा असतो, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही. आणखी एक गोष्ट. पेट्रोल इंजिन अडले की त्याचा क्लच घसरतो किंवा इंजिन बंद पडते. विजेची मोटर मात्र वेग कमी झाला तरी जोर सोडत नाही. त्यामुळे विजेवरच्या काही करवती या तंतूंना इतक्या सहज दाद देत नाहीत. आता बॅटरीवरच्या करवती बाजारात आल्या आहेत आणि आवाज कमी म्हणून त्या निरुपद्रवी वाटतात. तसे मुळीच नाही.

मांडीच का, असे एका मुलीने विचारले. करवत दोन्ही हातांनी धरून उजवीकडून चालवतात, त्यामुळे काप संपून ती खाली सुटली की डावा पाय वाटेत येतो. मानेला आणि चेहऱ्याला धोका आहे तो वेगळ्या कारणाने. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला तर साखळी तिथे लाकूड कापत न जाता अडते आणि अख्खी करवत वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. हा उसळा ०.२ सेकंदापेक्षाही जलद असतो. त्यासाठी पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. ती हाताने ढकलली गेली किंवा धक्क्याने स्वतःच सरकली की ब्रेक लागून साखळी साधारण दशांश सेकंदात थांबते. ही ढाल 'मध्ये मध्ये येते' म्हणून काढून टाकलेली करवत आम्ही त्या ओढ्याकाठीच पाहिली.

हेल्मेटचे काम साखळी अडवण्याचे नाही, ते वरून पडणाऱ्या वाळक्या फांदीसाठी आहे. त्याच्या आतल्या पट्ट्या डोके आणि कवच यांत अंतर ठेवतात. आघात त्या अंतरात पसरतो, थांबायला अधिक वेळ लागतो आणि डोक्यावरचे बल कमी होते. युरोपीय चाचणीत ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकतात, म्हणजे ४९ ज्यूल. दोन किलोची फांदी ८ मीटरवरून पडली तर १५७ ज्यूल होतात. तेव्हा हेल्मेट घालायचे आणि तरीही वर पाहायचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणात अशा अर्धवट मोडून लटकलेल्या फांद्यांखाली किती जणांनी उघड्या डोक्याने करवती चालवल्या असतील, याचा विचार आमच्या मनात येतो. डोळ्यांसमोर जाळी असते. ती घामाने धुरकट होत नाही, पण बारीक भुसा अडवत नाही, म्हणून तिच्या आत गॉगल हवा.

कानाचा प्रश्नही वेळेचाच आहे. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आठ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असा एक प्रचलित निकष आहे. त्याप्रमाणे १०० डेसिबलला पाऊण तासही मिळत नाही, फक्त पंधरा मिनिटे! कापसाचा बोळा फारच थोडा आवाज अडवतो. कानांवर घट्ट बसणारी झाकणे २० ते २५ डेसिबल कमी करतात, मात्र चष्म्याची काडी मध्ये आली तर फटीतून आवाज आत येतो.

हातमोजे पकड टिकवतात. कंपन मात्र ते थोडेच शोषतात, त्यासाठी मुठींखाली रबर किंवा स्प्रिंग असलेली करवत हवी. कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंड देशांत बोटे पांढरी पडतात म्हणून हा आजार लवकर ओळखू येतो. आपल्या उन्हात बोटे सहसा पांढरी पडत नाहीत, नुसत्या मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि माणूस ते थकव्यावर ढकलतो. मोठ्या भावाला शर्टाची बटणे लावताना त्रास होत होता.

परतताना आम्ही पुन्हा ओढ्याकाठी थांबलो आणि त्या दोघांना हे सगळे सांगितले. मोठ्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "एप्रिलात घालून दाखवाल का, सर?" त्याचे म्हणणे खोटे नाही. शिरूर-दौंडच्या चाळीस अंशांच्या उन्हात ही पँट म्हणजे मांड्यांना बांधलेली गोधडी. किंमतही कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी. त्यावर आमच्याजवळ मोठा उपाय नव्हता. पूर्ण पँटऐवजी फक्त समोरून झाकणारे, मागे पट्ट्यांनी बांधायचे पायझाकण मिळते, ते जरा हवेशीर असते. मोठी कापणी सकाळी दहाच्या आत उरकायची. टॉवेल खांद्यावरून काढून ठेवायचा, स्लीपरऐवजी लोखंडी टोपीचे बूट घालायचे, ढाल परत बसवून घ्यायची. शेवटच्या कामाला तर जवळजवळ काहीच खर्च नव्हता.

त्यांनी पुढे एक पायझाकण घेतले. काही महिन्यांनी धाकट्याचा फोन आला. बाभळीच्या काट्याने ते गुडघ्यावर फाटले होते, म्हणून शिंप्याकडून आरपार चार पक्क्या टिपा मारून आणल्या होत्या. आता आणखी मजबूत झाले, असे तो खुशीत सांगत होता. आम्हाला त्याला सांगावे लागले की टीप जिथून आरपार गेली तिथले सगळे थर एकमेकांना बांधले गेले. तिथले तंतू आता ओढून निघणार नाहीत, जीनसारखे जागीच कापले जातील. फक्त वरचे कापड फाटले असेल तर तेवढ्यालाच वरून ठिगळ लावता येते. आतले तंतू एकदा साखळीने ओढले गेले असतील, तर ते झाकण टाकूनच द्यायचे. त्याने टिपा उसवून पाहिल्या. आतले थर शाबूत होते.