पुन्हा बिगरीत

२०२२ च्या डिसेंबरात पुण्याला जाताना आईसाठी इथून एक राइस-कुकर नेला. अमेरिकेतून निघणाऱ्या बॅगांत काय काय कोंबलेले असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कुकरची चपटी पिन तिकडच्या गोल भोकांत बसावी म्हणून विमानतळावर एक अ‍ॅडॅप्टरही घेतला. दुसऱ्या दिवशी आईने तांदूळ धुऊन लावले, मी ऐटीत बटण दाबले, दिवा लागला. थोड्या वेळाने जळका वास आला आणि दिवा गेला तो गेलाच.

बाबांनी पेपर बाजूला ठेवून विचारले, "तिकडे एकशेवीस व्होल्ट, इकडे दोनशेतीस. म्हणजे दाब जवळजवळ दुप्पट. मग भात निम्म्या वेळात व्हायला हवा होता. कुकर का मेला?"

मी म्हणालो, "व्होल्टेज जास्त झालं ना, म्हणून." हे उत्तर नव्हते. त्यांचाच प्रश्न मी त्यांना परत दिला होता. "हं," असे म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उचलला. आईने कुकर पुसून माळ्यावर ठेवून दिला.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची. डॉक्टरेट यंत्र अभियांत्रिकीतली, आणि तीही नळांतून वाहणाऱ्या द्रवांवर. पहिल्या वर्षी विजेचा एक पेपर होता, तो पाठांतरावर निभावला. बाबांचे ते "हं" मात्र विमानात माझ्याबरोबर आले. घरी पोहोचल्यावर ठरवले की आता बिगरीपासून सुरुवात करायची.

सामान अगदी थोडे लागते. नऊ व्होल्टची एक बॅटरी, मूठभर रेझिस्टर, चार-सहा एलईडी दिवे, एक साधा मल्टिमीटर आणि ब्रेडबोर्ड. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लॅस्टिकची पाटी. सोल्डर न करता पुर्जे नुसते खोचून जोडणी करता येते. तिच्यात एका ओळीतली पाच भोके आतून एकमेकांना जोडलेली असतात. हे मला ठाऊक नव्हते. मी एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले आणि अर्धा तास अंधाराकडे पाहत बसलो. दिव्याला वळसा घालून जाणारी मोकळी वाट मीच करून दिली होती, मग वीज दिव्यातून कशाला जाईल?

मग दुसरा एलईडी थेट बॅटरीला लावला. तो डोळे दिपवणारा लखलखला आणि कायमचा विझला. माझ्या धंद्यात चूक झाली की ती पुसून पुन्हा लिहिता येते. इथे चुकीचा वास येतो.

यामागचे गणित समजायला तीन शब्द पुरतात: दाब, प्रवाह आणि रोध. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने १८२७ साली त्यांचे नाते मांडले. दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह. पाण्याच्या टाकीचे उदाहरण सर्वत्र देतात आणि नळांत आयुष्याची पाच वर्षे घालवलेल्या मला ते आवडलेही. टाकीची उंची म्हणजे दाब, वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह, नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध. पण हे उदाहरण एका जागी फसते. नळ कापला तर पाणी सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. तिला निघाल्या जागी परतण्याची वाट लागते. ही वर्तुळाची अट मनात पक्की बसली की निम्मे इलेक्ट्रॉनिक्स सोपे होते.

आता एलईडी का जळला ते पाहा. लाल एलईडी स्वतःवर सुमारे २ व्होल्ट घेतो. त्याच्यापुढे दाब जरासा वाढला तरी त्यातला प्रवाह भरमसाट वाढतो. साध्या छोट्या एलईडीला २० मिलिअँपिअरच्या वर सोसत नाही. बॅटरी ९ व्होल्टची, म्हणजे उरलेले ७ व्होल्ट दुसऱ्या कोणीतरी झेलायला हवेत. ते काम रेझिस्टरचे. ४७० ओहमचा रेझिस्टर ओळीत घातला तर ७ भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा सुखाने जळत राहतो. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७ आणि तिसरा तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. कागदावरचे हे १५ मीटरवर १४.८ दिसले, तेव्हा प्रबंध मंजूर झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मीटरनेही धडा दिलाच. प्रवाह मोजताना मीटर टोलनाक्यासारखा वाटेतच बसवावा लागतो. सगळी वाहतूक त्याच्यातूनच जायला हवी. दाब मोजताना त्याला बाजूला उभे करायचे, कारण दाब म्हणजे दोन ठिकाणांमधला फरक. मी तार प्रवाहाच्या भोकात ठेवूनच बॅटरीचा दाब मोजायला गेलो. प्रवाहाच्या भोकामागे रोध जवळजवळ नसतोच, त्यामुळे मीटरचा फ्यूज उडाला. आणि रोध मोजायचा तर वीज पूर्ण तोडूनच.

इतके झाल्यावर एका रविवारी बाबांचा प्रश्न कागदावर मांडला. कुकर १२० व्होल्टला ५०० वॅटचा. वॅट म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणजे प्रवाह सव्वाचार अँपिअरच्या आतबाहेर, आणि तापणाऱ्या तारेचा रोध २८.८ ओहम. आता दाब २३० केला. रोध तोच, म्हणून प्रवाह ८ अँपिअर झाला. २३० गुणिले ८ म्हणजे १८४० वॅट. दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट होतो, आणि उष्णता या दोघांचा गुणाकार असल्याने जवळजवळ चौपट होते. बाबांनी एकच दुप्पट धरली होती. दुसरी निसटली होती. आणि माझ्या त्या अ‍ॅडॅप्टरने फक्त पिनेचा आकार बदलला होता, दाब नव्हे.

२०२४ साली पुन्हा गेलो तेव्हा कुकर माळ्यावरच होता. "तू आलास की सांगशील, म्हणून टाकला नाही," बाबा म्हणाले. त्याची पिन कुठेही लावलेली नाही याची खात्री करून तो उघडला. तापणाऱ्या तारेवर मीटर लावला, तर २८.६ ओहम. तार शाबूत! मेला होता तो तिच्या वाटेवरचा छोटा थर्मल फ्यूज. ठरावीक तापमानाच्या वर गेले की तो वाट तोडतो, एकदाच आणि कायमची. घराला आग लागू नये म्हणून त्याने स्वतःचा बळी दिला होता.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज मिळाला. मी तो हौसेने सोल्डर केला, आणि मीटर म्हणाला, वाट बंद. दुकानदार हसला. "साहेब, गरम झालं की उडायचं हेच त्याचं काम. त्यालाच चटका दिलात!" त्याने दुसरा फ्यूज दिला आणि तो सोल्डर न करता धातूच्या नळीत दाबून कसा बसवायचा, तेही दाखवले. कोणत्याही विद्यापीठात हे मला कोणी सांगितले नव्हते.

दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, ५०० वॅटहून बऱ्यापैकी अधिक क्षमतेचा. तो उचलताना हात भरून आला. तोही दाबच बदलतो, विजेचे सेकंदाला ५० हेलकावे तसेच राहतात. कुकरला त्याचे काही नाही. पण इथल्या ६० हेलकाव्यांवर वेळ मोजणारे जुने घड्याळ तिकडे तासाला दहा मिनिटे मागे पडेल. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा "१०० ते २४०" असे छापलेले असते, त्यांना ही भानगडच नाही. बॅग भरताना ती बारीक अक्षरे वाचावीत, एवढे तरी माझ्यावरून शिका.

वाचकांपैकी कोणाला हात घालून पाहायचा असेल तर सुरुवात बॅटरीवरच करा. भिंतीतल्या विजेच्या वाटेला लगेच जाऊ नका. मायक्रोवेव्ह तर उघडूच नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही जीवघेणी वीज साठून राहू शकते. घरात मुले असतील तर त्यांना बरोबर घ्या, आणि पहिला एलईडी जळू द्या.

भात झाला. बाबांनी माझा हिशोबाचा कागद चष्मा लावून वरपासून खालपर्यंत तपासला, दोनदा दुप्पट झालेल्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हां, आता बसलं." मग ट्रान्सफॉर्मरची किंमत विचारली. मी सांगितली. एवढ्यात इथले दोन कुकर आले असते, असे आई आतून म्हणाली, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.