अर्ध्या पापणीत अख्खी स्पर्धा

दुबईच्या शेख झायेद रोडवर ताशी १०० किलोमीटरनं धावणारी गाडी ३० सेकंदांत ८३३ मीटर कापते. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर. म्हणजे रात्री कॅमेऱ्याचं शटर ३० सेकंद उघडं ठेवलं, तर एकेका गाडीच्या मागच्या दिव्यांची तांबडी रेघ जगातली सर्वांत उंच इमारत रस्त्यावर आडवी निजवल्याएवढी लांब होते. हा हिशेब मला कॅमेरा कठड्याला टेकवून श्वास रोखून उभा असताना सुचला, आणि मग ती सुट्टी संपेपर्यंत डोक्यात आकडेमोडीशिवाय दुसरं काही शिरलंच नाही.

शनिवार-रविवारची सुट्टी दुबईला तशी नवी. २०२१ संपेपर्यंत तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बंद होतात आणि शनिवार-रविवार मोकळे. दुबईच्या करामा भागात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीनं जानेवारीतला बेत त्याच हिशेबानं आखला होता: शनिवारी शहराचे फोटो, रविवारी गोल्फ. "गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही गं," म्हटलं, तर म्हणाली, "दादा, कळायला नाही, चालायला जायचंय. चांगले बूट आण."

शनिवारची गाठ बुर्ज खलिफाशी. ही इमारत डोळ्यांनी बघायला सोपी आणि कॅमेऱ्यात पकडायला महाकठीण आहे. पायथ्याच्या तळ्यापलीकडे, समजा ३०० मीटरवर उभं राहिलं, तर तिचं टोक डोक्यावर ७० अंशांत असतं. २४ मिलिमीटरची लेन्स उभी धरली तर ती जेमतेम मावते, पण त्यासाठी कॅमेरा इतका वर करावा लागतो की फोटोत इमारत मागच्या मागे कोसळत असल्यासारखी दिसते. तिला ताठ उभी ठेवायची, म्हणजे कॅमेरा जमिनीला समांतर धरायचा, तर याच लेन्सनं १,१०० मीटर लांब जावं लागतं. एवढं लांब गेल्यावर मध्ये दुसऱ्या इमारती येतात, क्रेन येतात, आणि ट्रायपॉड उघडला की एखादा सुरक्षारक्षकही येतो.

त्या अंतरावरून काढलेला साडेचार कोटी ठिपक्यांचा फोटो घेतला, तर इमारतीच्या साधारण २० सेंटीमीटर उंचीला एक ठिपका येतो. खिडकी म्हणजे जेमतेम मूठभर ठिपके. अशा एका फोटोतले सगळे ठिपके सेकंदाला एक या गतीनं, न झोपता, न जेवता मोजायचे ठरवले तर ५२० दिवस लागतील. इमारत बांधायला २००४ ते २०१० अशी सहा वर्षं लागली; तिचा एक फोटो मोजायला दीड वर्ष. आणि तो फोटो मी काढला सेकंदाच्या अडीचशेव्या भागात.

उंचीचे आकडे नुसते वाचून अंगाला लागत नाहीत. दोन बुर्ज खलिफा एकावर एक ठेवले तर १,६५६ मीटर होतात. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. दहा मीटरनं आपण हरतो. पण मला त्या उंचीची खरी जाणीव करून दिली ती सूर्यास्तानं. १२४ व्या मजल्यावरची गच्ची साडेचारशे मीटरांवर आहे. तिथून क्षितिज इतकं खाली जातं की जमिनीवर सूर्य मावळल्यावर वर तो आणखी सुमारे तीन मिनिटं दिसत राहतो. लिफ्ट सेकंदाला १० मीटर वेगानं जाते, म्हणजे वर पोचायला मिनिटभर. खाली सूर्यास्त बघून वर गेलात तर त्याच दिवसाचा दुसरा सूर्यास्त बघायला हिशेबानं वेळ उरतो. प्रत्यक्षात उरत नाही, कारण लिफ्टची रांग. गंमत म्हणून सांगत नाही: २०११ साली दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी रमझानसाठी सांगितलं होतं की या इमारतीत ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं. एकाच पत्त्यावर तीन वेगवेगळ्या संध्याकाळी.

खाडीवरही गेलो. अब्रा नावाच्या लाकडी होडीतून एका दिरहमात पैलतीर गाठता येतं, आणि फोटो तिथेच बरे येतात, कारण माणसं दिसतात. १९६८ च्या शिरगणतीत साठ हजारांच्या आत असलेलं हे गाव आज ३८ लाखांच्या वर गेलंय, हे त्या खाडीकाठी उभं राहिलं की पटतही नाही आणि नाकारताही येत नाही.

रविवारी गोल्फ. एमिरेट्स गोल्फ क्लबचं मजलिस मैदान १९८८ साली उघडलं. आखाती देशांतलं हे पहिलं हिरवळीचं स्पर्धात्मक मैदान; त्याआधी त्या भागात गोल्फ वाळूवर खेळायचे. लगेच पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, तिथे दुबई डेझर्ट क्लासिक ही स्पर्धा सुरू झाली; आम्ही तीच बघायला गेलो होतो. आठव्या होलच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, समोर दुबई मरीनाच्या इमारतींची भिंत दिसते आणि खेळाडू त्या भिंतीच्या दिशेनंच चेंडू मारतात. शहराचा फोटो आणि गोल्फ एकाच चौकटीत मावतं ते इथे.

आम्ही दोरीला चिकटून उभे राहिलो. मोठा कॅमेरा घरीच ठेवला होता. खेळाडू टीवर आला, चेंडू ठेवायची लाकडी खुंटी (तिलाही टीच म्हणतात) हिरवळीत खोचली, चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेला. गर्दी सांभाळणाऱ्या मार्शलनं दोन्ही हात वर केले आणि हजारभर माणसं एकदम गप्प झाली. मागे कुणाच्या तरी फोनवर मेसेज वाजला, आणि त्या माणसाकडे लोकांनी असं बघितलं की लग्नात अंतरपाट मध्येच कुणी ओढला असता तरी असं बघितलं नसतं. मग टक्. कोरडा, छोटा आवाज. तुटलेली टी उडून मागे पडली. शेजारचा एक माणूस मराठीत म्हणाला, "अरे, बॉल कुठाय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा. चांगल्या नजरेला एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, बारीक गोष्ट ओळखू येते. हा चेंडू १५० मीटरांवर गेला की जवळजवळ एका कलेएवढा होतो, आणि तिथे पोचायला त्याला अडीच-तीन सेकंद पुरतात. पुढचे चारेक सेकंद तो असतो, पण बहुतेकांना दिसत नाही. टीपाशी जमलेली गर्दी खरं तर एकमेकांची तोंडं बघत असते. चेंडू कुठे गेला ते पुढच्या गर्दीच्या टाळ्यांवरून कळतं.

आता त्या टक् कडे जाऊ. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हर नावाच्या काठीवरून चेंडू ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. ती काठी, म्हणजे क्लब, आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात शून्यावरून हा वेग गाठायचा तर चेंडूला गुरुत्वाकर्षणाच्या पंधरा हजार पट त्वरण लागतं. ४६ ग्रॅमहून हलका तो चेंडू तेवढ्यापुरता पाऊण टनाच्या आसपास भार सोसतो, चपटा होतो, पुन्हा गोल होतो आणि हवेत असतानाच अडीचशेच्या आसपास गिरक्या घेतो. अंगावरच्या तीन-चारशे खळग्या नसत्या तर निम्म्याच अंतरावर पडला असता. आणि हे सगळं कशासाठी, तर १०८ मिलिमीटरच्या भोकासाठी.

कॅमेऱ्याला हे पकडता येतं का? शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर तेवढ्यात चेंडू साडेसात सेंटीमीटर सरकतो. फोटोत चेंडूऐवजी पांढरी काडी येते. आठ हजारावा भाग ठेवला तरी साडेनऊ मिलिमीटर हलतोच. प्रकाश मात्र तेवढ्याच वेळात सदतीस किलोमीटर जातो.

२०२३ ची स्पर्धा पावसानं खोळंबून सोमवारी संपली आणि रोरी मॅकिलरॉयनं जिंकली. चार फेऱ्यांचे त्याचे एकूण फटके २६९. प्रत्येक फटक्याला अर्धा मिलिसेकंद धरा. चेंडू भोकाकडे ढकलणाऱ्या पटर या क्लबचा स्पर्श किंचित जास्त वेळ असतो, पण एवढ्या हिशेबात ते चालतं. उत्तर येतं ०.१३४५ सेकंद. पापणी लवायला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे अर्धी पापणी लवायच्या आत अख्खी स्पर्धा खेळून झाली. एक फेरी साडेचार तासांची धरली तर चार फेऱ्यांचे अठरा तास होतात. त्यात चेंडूला प्रत्यक्ष स्पर्श चार लाख ऐंशी हजारांत एक भाग. उरलेला वेळ चालणं, थांबणं, वाऱ्याकडे बघणं, कॅडीशी बोलणं. दुसरा आलेला पॅट्रिक रीड २७० वर होता. दोघांमध्ये फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा.

बक्षीस १५ लाख ३० हजार डॉलर. फटक्याला ५,६८८ डॉलर. प्रत्यक्ष स्पर्शाचाच वेळ मोजला तर सेकंदाला एक कोटी तेरा लाख डॉलरच्या वर. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "आणि सरावाचे?" ते मात्र कुणी मोजत नाही. मॅकिलरॉयनं व्यावसायिक कारकिर्दीतलं पहिलं विजेतेपद याच मैदानावर २००९ मध्ये मिळवलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मग २०१५, २०२३ आणि २०२४. चारही विजयांचे फटके एकत्र केले तरी स्पर्शाचा वेळ सेकंदाच्या पुढे जात नाही.

इथे मला फोटोग्राफर मंडळींची बाजू घ्यावीशी वाटते. सेकंदाच्या पाचशेव्या भागाचे पाचशे फोटो काढले तर शटर पूर्ण एक सेकंद उघडं राहतं. म्हणजे विजेत्या गोल्फपटूच्या सातपट कष्ट. शेख झायेद रोडवर मी काढलेली तीस सेकंदांची एक फ्रेम भरायची तर २६९ फटक्यांच्या अशा २२३ स्पर्धा जिंकाव्या लागतील. तरीही गोल्फवाल्याला बक्षीस मिळतं आणि आम्हाला पायाचे गोळे. मात्र मजलिसचं मैदान टीपासून भोकापर्यंतचं अंतर मोजलं तरी पावणेसात किलोमीटरचं आहे, आणि एका खेळाडूच्या मागे अठरा होल चालल्यावर माझं मत बदललं: गोळे त्यांनाही येत असणार, आणि ते तर चार फेऱ्या चालतात. जायचंच असेल तर एकाच खेळाडूच्या मागे धावू नका. आठव्या टीपाशी अर्धा तास उभे राहा, मग अठराव्या ग्रीनपाशी, म्हणजे शेवटच्या भोकाभोवतीच्या हिरवळीपाशी, जाऊन बसा. तिथे ग्रीनपुढे पाणी आहे आणि बरीचशी नाटकं त्या पाण्यात होतात.

आकडेमोडीची आवड असेल तर ती घरबसल्याही भागते. फोनमधला कोणताही फोटो उघडून त्याची माहिती बघा; शटर किती वेळ उघडं होतं ते तिथे लिहिलेलं असतं. हजार फोटोंचा लग्नाचा अल्बम घ्या, फोटोमागे सेकंदाचा शंभरावा भाग धरा, तर सगळ्या विधींचे मिळून दहा सेकंद होतात. करून बघा, फक्त या हिशेबावरून फोटोग्राफरच्या बिलात घासाघीस करायला जाऊ नका.