सावकाश जळणाऱ्या दारूची परीक्षा

धानाची मळणी आटोपल्यावर उरलेल्या तणशीला काडी लावली, तर एक भडका उडतो आणि पाहता पाहता राख होते. सागाचा ओंडका मात्र पेटायलाच वेळ घेतो. पण एकदा पेटला की रात्रभर ऊब देतो. दोहोंत अग्नी एकच. फरक आहे तो किती पृष्ठभाग एका वेळी ज्वाळेच्या तोंडी पडतो याचा. बंदुकीच्या दारूचे सारे शास्त्र या एका फरकात सामावले आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत सालेकसा भंडारा जिल्ह्यात होते. आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६० च्या दशकात उभा राहिलेला आयुधनिर्माणी कारखाना दारूगोळ्यासाठी लागणारी प्रणोदके, म्हणजे गोळ्याला पुढे ढकलणारी दारू, तयार करीत आला आहे. शिवाय जंगलालगतच्या गावांतील वडीलधाऱ्या मंडळींना भरमार बंदूक ऐकून किंवा पाहून ठाऊक असते. तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची आणि बार काढायचा. प्रमाण ठरे ते मुठीच्या आणि नजरेच्या अंदाजाने. हा अंदाज काळ्या दारूच्या बाबतीत कसाबसा निभावून जाई. नव्या, धूररहित दारूच्या बाबतीत तो जिवाशी खेळ ठरतो. असे का, हेच आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बंदुकीत दारूचा 'स्फोट' होतो असे आपण म्हणतो. पण चांगली दारू नळीत स्फोट पावत नाही, ती जळते. दाण्याच्या बाहेरील पृष्ठभागापासून आत, थरामागून थर, अशी ती जळत जाते. फ्रेंच तोफशास्त्रज्ञ पिओबेर याने १८३९ च्या सुमारास हा थराथराने जळण्याचा नियम मांडला. १८८४ मध्ये त्याच देशातील पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू सिद्ध केली आणि ज्वलनाचा वेग दाबावर कसा अवलंबून असतो, हेही सूत्रबद्ध केले. दाब वाढला की ज्वलन वेगाने होते. ज्वलन वेगाने झाले की वायू अधिक निर्माण होतो. वायू अधिक झाला की दाब आणखी वाढतो. उघड्यावर चिमूटभर धूररहित दारू पेटवली तर ती फुस्स करून जळून जाते. तीच काडतुसात कोंडली की सेकंदाच्या हजाराव्या भागात आपले काम उरकते. या वाढत्या चक्राला वेळीच मोकळीक देते ती पुढे सरकणारी गोळी. गोळी सरकते तशी वायूला जागा मिळते. वायूची उत्पत्ती आणि गोळीने करून दिलेली जागा यांची ही शर्यत असते. जागेच्या मानाने वायू फार लवकर निर्माण झाला, तर नळीवर संकट येते.

म्हणून दारू सावकाश जाळायची युक्ती माणसाने शोधून काढली. अमेरिकेतील रॉडमन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या तोफांसाठी काळ्या दारूचे मोठाले दाणे आणि भोके पाडलेल्या वड्या करून पाहिल्या. भोकाची गंमत अशी की, दाणा बाहेरून जळताना लहान होतो, पण आतले भोक जळताना रुंदावत जाते. त्यामुळे जळणारा पृष्ठभाग कमी होत नाही, उलट भोके पुरेशी असली तर वाढतो. आरंभी वायू बेताने आणि गोळी धावू लागल्यावर भरपूर, अशी सोय यातून साधते. धूररहित दारूत याच्या जोडीला दाण्याच्या पृष्ठभागावर ज्वलन मंदावणारा लेप देतात. आपला सागाचा ओंडका तो हाच.

आता 'मॅग्नम' हे काय प्रकरण आहे? लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मोठा'. नळीचे भोक नेहमीचेच, पण काडतुसाचे पोट मोठे, अशी ही जात आहे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९१२ मध्ये काढलेले ३७५ मॅग्नम हे त्यांतील गाजलेले नाव असून, हिंदुस्थानातील शिकारी मंडळींतही त्याचा बोलबाला होता. मोठ्या पोटाच्या काडतुसात जलद जळणारी दारू भरली, तर गोळी जागची हलते न हलते तोच दाब शिखरावर जाईल. म्हणून तेथे सावकाश जळणारी दारूच हवी. अशा काडतुसातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४,००० किलोपर्यंत चढतो. मालमोटारीच्या टायरमधला दाब सात-आठ किलोच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा काय आहे हे कळेल. आणि हा दाब बंदूकधाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होत असतो.

एवढा दाब मोजायचा कसा? दारूच्या परीक्षेची पहिली पायरी म्हणजे बंद पात्राची कसोटी. जाड पोलादी पात्रात मोजून दारू ठेवतात, ती पेटवतात आणि क्षणाक्षणाला दाब कसा चढला याची रेषा नोंदवतात. ही रेषा प्रमाण म्हणून जपून ठेवलेल्या दारूच्या रेषेशी ताडून पाहिली की नवी खेप किती त्वरेने जळते आणि किती जोर देते, हे दोन्ही कळते. एकोणिसाव्या शतकात नोबल आणि एबल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या पद्धतीचा पाया घातला.

दुसरी पायरी प्रत्यक्ष नळीतली. परीक्षेची नळी जाड असते, घट्ट बसवलेली असते आणि माणूस भिंतीआडून दोरीने किंवा विजेने बार काढतो. पूर्वी नळीला छिद्र पाडून त्यावर तांब्याची लहान लाट बसवीत. दाबाने ती किती चेपली हे मोजून दाब काढीत. तांबे चेपायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणिक शिखर त्यात पुरते उमटत नाही. आता दाबाबरोबर विद्युत्भार निर्माण करणारे स्फटिक वापरतात. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. गोळीचा वेग मोजण्याची कल्पना त्याहून जुनी. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून वेग काढला. आज दोन प्रकाशपडद्यांमधून गोळी जायला लागणारा वेळ मोजतात.

या साऱ्यात सरासरीवर भिस्त ठेवता येत नाही. दहा बारांची सरासरी उत्तम असेल, पण त्यांतील एक बार मर्यादेबाहेर गेला असेल, तर ती दारू नापास. नळी सरासरीने फुटत नाही. ती एका बाराने फुटते.

परदेशांत हौशी नेमबाज काडतुसे घरी भरतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत वीस मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतून काढलेली सावकाश जळणारी दारू बाजारात आली. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन याने ती विकत घेऊन नेमबाजांना स्वस्तात पुरवली आणि मोठ्या पोटाच्या काडतुसांना ती फार मानवली. अशा हौशी माणसाजवळ बंद पात्र नसते, स्फटिकही नसतो. तो काडतुसाच्या टोपीकडे पाहतो: चपटी झाली का? पितळी कोश नळीत अडकतो का? बुडाशी फुगला का? ही चिन्हे खोटी नाहीत, पण उशिरा येणारी आहेत. पितळ तक्रार करू लागते तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. त्यापेक्षा वेग मोजणे शहाणपणाचे. दारूच्या कारखानदाराने छापलेल्या कोष्टकापेक्षा आपली गोळी तेवढ्याच लांबीच्या नळीतून अधिक वेगाने जात असेल, तर आनंद मानू नये. तो वाढीव वेग फुकटचा नसतो. त्याची किंमत नळीने दाबाच्या रूपाने दिलेली असते. गोळी, कोश, टोपी किंवा दारूची खेप यांपैकी एकही बदलले, तर परीक्षा पहिल्यापासून करावी लागते.

आणि येथेच या विषयातली सर्वांत चकवणारी गोष्ट येते. सामान्य समज असा की, दारू कमी घातली की धोका कमी. सावकाश जळणाऱ्या दारूला हा नियम पुरता लागू पडत नाही. मोठ्या कोशात दारू फार कमी असली तर ती आडवी तळाशी पसरते. टोपीची ज्वाळा तिच्यावरून निघून जाते, दारू नीट पेटत नाही, गोळी अर्धवट सरकून अडते आणि मागून उरलेली दारू एकदम पेट घेते. अशा अपुऱ्या भराने बंदुका फुटल्याच्या नोंदी आहेत. नेमके कारण काय, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, आणि प्रयोगशाळेत हा प्रकार हुकमी घडवून आणणेही कठीण गेले आहे. म्हणूनच कारखानदार कमाल प्रमाणाप्रमाणे किमान प्रमाणही छापतात. वरची मर्यादा पाळणारा माणूस सावध म्हणावा. पण खालचीही पाळणारा खरा जाणता.

आपल्या भागाच्या दृष्टीने आणखी एक कसोटी महत्त्वाची आहे, ती उन्हाची. दारू जेवढी गरम, तेवढी ती जलद जळते आणि दाब वाढतो. कडाक्याच्या थंडीत निर्दोष ठरलेले काडतूस वैदर्भीय वैशाखात, बंद मोटारीत तापून निघाल्यावर, मर्यादा ओलांडू शकते. विलायती कारखानदार उष्ण देशांसाठी भरलेल्या काडतुसांत कॉर्डाइटचे प्रमाण म्हणूनच थोडे कमी ठेवीत. परीक्षेपूर्वी काडतुसे थंड आणि उष्ण कपाटांत तासन्‌तास ठेवतात आणि मगच झाडतात, त्याचे कारण हेच.

उन्हाचा दुसरा परिणाम हळू आणि छुपा असतो. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षे आपोआप विघटित होत राहते आणि त्यातून निघणारे आम्लवायू विघटनाला आणखी चालना देतात. हे वायू शोषणारे स्थिरकारी द्रव्य दारूत मिसळलेले असते. ते संपले की दारू आपल्या आपण तापून पेटू शकते. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'येना' आणि १९११ मध्ये 'लिबेर्ते' या युद्धनौका अशाच बिघडलेल्या दारूमुळे उद्ध्वस्त झाल्याचे मानले जाते. त्या दोन दुर्घटनांत शेकडो माणसे दगावली. तेव्हापासून कोठारातील दारूचे नमुने ठरावीक मुदतीने तपासणे हा सर्व देशांत शिरस्ता झाला. परीक्षा एकदा उत्तीर्ण होऊन भागत नाही. दारू असेपर्यंत ती द्यावी लागते.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमाने शस्त्रे व दारूगोळा बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, एवढेच नव्हे तर त्यांची परीक्षा घेणे, यांसाठी परवाना आवश्यक केला आहे. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युगही संपवले. काहींना हे निर्बंध जाचक वाटतात. पण ज्या वस्तूचा दाब डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही आणि चूक सुधारायला दुसरी संधी देत नाही, तिची परीक्षा साधनांवाचून घरच्या ओसरीवर होऊ नये, हे कोणीही मान्य करील.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटाने किमान आठ कामगारांचा बळी घेतला. तो अपघात बंदुकीच्या दारूच्या परीक्षणातला नव्हता. पण या पदार्थांशी रोजचा संबंध असणारी माणसे आपल्याच गावांतून कामाला जातात, याची आठवण त्याने करून दिली. भिंती, अंतरे, मोजमापे आणि नियम एवढे असूनही तेथे जोखीम उरते. मग जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे अंदाजाच्या मुठीवर किती विसंबावे, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.